इसिरिकची धुरी आणि तीनशे बारा टाइल्स

रिश्तान, मंगळवार

माझे धाकटे दीर उस्तो इसोमिद्दीन भावजी,
मुक्काम भिंतीच्या पलीकडे.

तुमच्या थोरल्या वहिनीचा, सोजिदाचा, मनापासून सलाम. तुमची तब्येत कशी आहे? मोहिराची गुडघेदुखी? मुली, जावई, नातवंडं, गाय, कोंबड्या, सगळे सुखरूप ना? (विचारायची रीत आहे म्हणून विचारते. नाहीतर तुमचा खोकला मला रोज पहाटे भिंतीवरून ऐकू येतो, गाय गेल्या सोमवारी व्याली हे मला तुमच्या आधी कळलं, आणि मोहिराच्या गुडघ्याला मीच तर तेल चोळून देते, तुम्ही बाजारात गेलात की.) माझं म्हणाल, म्हणजे तुम्ही म्हणणार नाही, तेव्हा मीच सांगते, मी बरी आहे. एक दात पडला. बाकी अल्लाची कृपा.

भिंतीपलीकडच्या दिराला पत्र लिहायची वेळ अख्ख्या रिश्तानात आजवर कुठल्या भावजयीवर आली नसेल. पण करू काय? फोन केला तर तुम्ही उचलत नाही. गल्लीत समोर आले तर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागता. (तुमच्या बुटांना नाड्या नाहीत, भावजी. मी नीट पाहिलंय.) चौदा महिने झाले याला. आमच्या अंगणात उभं राहून, हातातली चहाची पियाली ठक्कन खाली ठेवून तुम्ही शपथ घेतलीत, की ज्या घरानं माझ्या भावाचा हात यंत्राला विकला त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. त्यानंतर दोन ईद गेल्या. तुमच्याकडून पुलावाचं ताट येतं, तुम्ही येत नाही. तुमच्या भावाच्या वर्षाच्या जेवणालासुद्धा तुम्ही बाहेर गल्लीत खुर्ची टाकून बसलात आणि ताट तिथं मागवलंत. येणारा-जाणारा प्रत्येक जण तुम्हाला वळसा घालून आत येत होता. लोक हसले, मीही हसले, आणि मग आत जाऊन रडले. मला ते फार लागलं, भावजी. घरातलं एक माणूस गेलं ते गेलंच, दुसरं भिंतीपलीकडे जिवंत असून गेल्यासारखं झालंय, आणि हे मला सहन होत नाही. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाडा, पण वाचून फाडा.

आधी त्या 'विकला' शब्दाचं बघू. विकलं कुणी? कारखान्याचे संचालक तोलिब्जोन अका तीन नान आणि हलवा घेऊन घरी आले, तुमच्या भावाच्या फोटोसमोर हात वर करून फातिहा वाचला, आणि मग म्हणाले की उस्तो नेमातुल्लांची नक्षी आम्हाला टाइल्सवर उतरवायची आहे, त्यांनी रंगवलेले थाळे चार दिवसांसाठी द्याल का. एकेचाळीस थाळे मी स्वतः दुलईत गुंडाळून दिले. पाचव्या दिवशी एकालाही टवका न पडता परत आले आणि तोलिब्जोन अकांनी स्वतः शिडीवर चढून ते भिंतीवर टांगले. (दोन उलटेसुलटे टांगलेत. मी बोलले नाही, पाहुणा माणूस.) आता हेही कबूल करते की यंत्र तुमच्या भावाच्या फुलांची पार वाट लावणार याची मलाही तुमच्याइतकीच खात्री होती. ती वाट लागताना समोर बसून शिव्या द्यायला घरचं कुणीतरी हवं, म्हणून तर मी कारखान्यात टाइल्स निवडायची नोकरी धरली. भाजलेली टाइल सरकत्या पट्ट्यावरून समोर येते, आपण बघायचं, खोट दिसली की खडूनं खूण करायची. एकसष्टाव्या वर्षी नोकरी! माझी सूनसुद्धा म्हणाली, ओयी, तुम्ही तिथं खुणा करायला निघालाय की भांडायला? म्हटलं, दोन्ही.

शिव्या द्यायला गेले आणि भावजी, शिव्या राहिल्या बाजूला. यंत्र दिसायला काही नाही, आडवं पाडलेलं एखादं पांढरं कपाट. कच्ची टाइल, अंगावर काचलेपाचं पीठ, कोरी करकरीत, एका बाजूनं आत जाते. मनात एक, दोन, तीन म्हणावं तोवर दुसऱ्या बाजूनं तुमच्या भावाचं बदामाचं फूल घेऊन बाहेर. पहिल्या दिवशी मी चक्क वाकून खाली पाहिलं, आत कुणी बसलंय का म्हणून. ते यंत्र सांभाळणारी मुहय्यो (इब्रोहिम लोहाराची नात, फर्गान्याला शिकून आलीय, उंचीनं माझ्या खांद्याला लागते आणि अख्ख्या कारखान्याला धाकात ठेवते) हसून लोटपोट झाली. मग तिनं मला समजावून सांगितलं. पूर्वी म्हणे रबरी रूळ टाइलवर दाबून फिरवत. टाइल बिचारी कच्ची, दाबली की तडकायची, रंग कडेपर्यंत पोचायचा नाही, आणि रूळ फिरून फिरून तेच फूल काढायचा. हे यंत्र टाइलला हातच लावत नाही. वर रंगाच्या पट्ट्या टांगलेल्या आहेत, एकेका रंगाला दहा हजारांवर छिद्रं, केसाहून बारीक. टाइल खालून सरकते आणि कुठल्या छिद्रानं कुठल्या क्षणी केवढा थेंब सोडायचा हे ठरलेलं असतं. थेंब तरी केवढा? माझ्या डोळ्यांना दिसत नाही आणि मुहय्योलाही दिसत नाही. कुठं एक थेंब, कुठं तीन, कुठं काहीच नाही, आणि त्यातून ती फिकी निळी सावली उमटते जी उमटवायला तुम्ही दोघे भाऊ श्वास रोखून बसायचात.

रंगाची तर आणखी गंमत. यंत्रातून निघताना निळा निळा दिसतच नाही, मळकट जांभळट दिसतो. मी पहिल्या दिवशी म्हटलंच, गेलं, सत्यानाश झाला. पण तुम्हाला काय सांगायचं, रंगाचं खरं रूप भट्टीतच कळतं हे तुमचं आयुष्यभराचं दुखणं. तशीच इथंही टाइल तासाभरानं भट्टीतून निघते आणि तोच निळा असतो. तोच, भावजी. आणि तो रंग सतत ढवळत ठेवावा लागतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, कारण तो दगडाचा चुरा आहे, थांबलं की तळाला बसतो. आपण नवरोजला रात्रभर सुमालकची कढई ढवळताना जशा पाळ्या लावतो तशी यंत्रानं पाळी स्वतःच लावून घेतलीय. ढवळतं, गाळतं, फिरवतं आणि तक्रार करत नाही. (आपल्याकडे सुमालक ढवळताना दर वर्षी भांडण होतं. गेल्या वर्षी तर पळीच मोडली.)

तुमचा मोठा आक्षेप काय होता? यंत्र एकच फूल लाख वेळा काढणार आणि माझ्या भावानं जन्मात दोन फुलं सारखी काढली नाहीत. हे तुम्ही चहाखान्यातही सांगत फिरलात. मीही मुहय्योला तेच ऐकवलं, तुमच्यापेक्षा जरा चढ्या आवाजात. तिनं काय करावं? एकेचाळीसही थाळ्यांतलं प्रत्येक फूल वेगवेगळं काढून यंत्रात घातलं आणि यंत्राला सांगितलं, दर टाइलला नवं घे. रुळाला हे जन्मात जमलं नसतं, यंत्राला काय, त्याला सगळी फुलं सारखीच नवी. मी एक आख्खा दिवस मोजत बसले. त्यांचं ते डाव्या बाजूला कललेलं फूल (कंबर धरली होती त्या वर्षीचं) दिसलं, ते घाईघाईत काढलेलं, धाकटीच्या लग्नाच्या आठवड्यातलं दिसलं. एकामागून एक माझा संसारच पट्ट्यावरून जात होता. त्या दिवशी मी एकाही टाइलवर खडू मारला नाही आणि मुकादमाची बोलणी खाल्ली.

आणि तुम्ही यंत्राच्या नावानं नाक मुरडता, पण जरा आपल्या घरात तरी बघा. दह्या-केफीरच्या बाटलीवर तारीख असते ना, तीही अशीच थेंब उडवून काढतात. बाटल्या पळत असतात आणि थेंब नेमका पडतो. मार्गिलानमध्ये कापडाचे तागेच्या तागे असे छापून निघतात. लाकडाच्या फळ्यांवर लाकडाच्याच रेषा छापतात. यावरून आठवलं. बैठकीत नवं कपाट घेतलंत, तीन वेळा हात फिरवून मोहिराला म्हणालात, बघ, खऱ्या अक्रोडाची नस कशी हाताला लागते. भावजी, ते अक्रोड नाही. भुशाची फळी आहे, वर अक्रोड छापलाय, अशाच यंत्रानं. मोहिराला दुकानदारानं त्याच दिवशी सांगितलं होतं, पण तुमचा चेहरा इतका खुलला होता की तिच्या जिवावर आलं. (तिला रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण त्यासाठी माझ्याशी बोलावं लागेल.)

असो. आता खरी हकिगत. गेल्या बुधवारी मोठं गिऱ्हाईक आलं. शहरात नवं प्रसूतिगृह होतंय, त्याच्या सगळ्या भिंतींना आपल्या नेमातुल्लांची फुलं लागणार आहेत. म्हणजे भावजी, इथून पुढं रिश्तानात जन्माला येणारं प्रत्येक मूल डोळे उघडून पहिलं काय बघणार, तर तुमच्या भावाचं फूल. (मुहय्यो म्हणते एवढ्या लहान बाळांना दिसत नाही. तिला मुलं नाहीत, तिला काय कळतंय.) तर ते पाहणी करायला आलेले लोक. त्यांतला एक जाडजूड गृहस्थ यंत्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, वा! असं यंत्र अख्ख्या खोऱ्यात नसेल! एवढंच बोलला. ना माशाअल्ला म्हणाला, ना थू थू केलं, ना लाकडाला हात लावला. आणि डोळे कसे, तर घारे! मी सगळ्यांकडे पाहिलं, कुणाला काही नाही. शिकलेली माणसं. म्हणजे आता करणार कोण? मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी घरून इसिरिकच्या वाळक्या पाल्याची जुडी आणि तवी घेऊन गेले. आपल्याकडे नवं बाळ असो, नवी सून असो, नवी गाडी असो, इसिरिकची धुरी दिल्याशिवाय आपण राहतो का? तुमच्या भट्टीला मी वीस वर्षं दिली, एकदा तरी दगा झाला? आता ती यंत्राची खोली म्हणजे काचेची, दार सदा बंद, आत गार हवा, चपला बाहेर. मुहय्योचा नियमच आहे, धूळ आत येता कामा नये. पण धूर म्हणजे काही धूळ नाही, असं माझं तेव्हाचं मत. चपला मी नियमाप्रमाणे बाहेर काढल्या. तवी पेटवली आणि म्हणत म्हणत यंत्राभोवती तीन फेऱ्या मारल्या: सग्याची नजर, सोयऱ्याची नजर, घाऱ्या डोळ्यांची नजर, जळून जाऊ दे. धूर असा सरळ यंत्राच्या पोटात ओढला जात होता की मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, मनापासून घेतंय बिचारं. (नंतर कळलं की टाइल्सची वाफ ओढून घ्यायला तिथं पंखा बसवलेला असतो. मनाचा काही संबंध नव्हता.)

साडेआठला प्रसूतिगृहाच्या टाइल्स सुरू झाल्या. मुहय्यो भट्टीकडे गेलेली. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले आणि सहज पट्ट्यावर नजर टाकली, तर प्रत्येक टाइलवर, फुलाच्या अगदी मधून, एक पांढरी रेघ. दोऱ्याएवढी. सगळ्यांवर एकाच जागी. मी अशी किंचाळले की भट्टीवाले ओलिम बोबो फावडं घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. यंत्र बंद केलं तोवर तीनशे बारा टाइल्स छापून गाड्यांवर चढल्या होत्या. बरं, कच्च्याच होत्या, भट्टीत गेलेल्या नव्हत्या.

मग सुरू झाला पंचनामा. कुणी म्हणे रंग खराब आला, कुणी म्हणे विजेचा दाब, कुणी म्हणे यंत्रच जुनं विकलं आपल्याला. तोलिब्जोन अकांनी सगळ्यांच्या देखत मुहय्योला धरलं. म्हणाले, यंत्र सोडून गेलीस कशी, पोरीच्या हाती दिलं हीच चूक झाली, ताश्कंदहून माणूस मागवतो. आणि मी? मी चहाची किटली धरून खांबामागं उभी. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मी गप्प होते. मुहय्यो बिचारी कापसाच्या फडक्यानं पट्टी पुसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग तिनं ते फडकं नाकाला लावलं. पुन्हा लावलं. मग हळूच मान वळवून माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं, आणि एक शब्द बोलली नाही! नाव घेतलं असतं तर सुटली असती, पण बोलली नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी पुढं होऊन सांगून टाकलं की पोरीचा काही दोष नाही, धुरी मी दिली, आणि का दिली तेही सांगितलं, घाऱ्या डोळ्यांसकट.

वाटलं होतं, आता हाकलतात. पण तिथं भलताच वाद पेटला. अर्धे म्हणाले, खोलानं (तिथं मावशीच्या नात्यानं सगळे मला खोलाच म्हणतात) यंत्राचा गळा घोटला. ओलिम बोबो म्हणाले, छे छे, त्या माणसाची नजर एवढी जबर होती की यंत्र जळूनच जायचं, धुरीमुळं पाचसहा छिद्रांवर निभावलं! चौघांनी माना डोलावल्या. तोलिब्जोन अका डोकं धरून खाली बसले. जरा वेळानं मला विचारतात, फेऱ्या किती मारल्यात? म्हटलं, तीन. तर म्हणाले, सात मारल्या असत्या तर कारखानाच विकावा लागला असता. आणि मग स्वतःच हसायला लागले. मुहय्योला तिथल्या तिथं सॉरी म्हणाले, ताश्कंदचा माणूस रद्द. तिनं पट्ट्या धुतल्या, दाबानं रंग सोडून छिद्रं मोकळी केली, आणि अकरा वाजता यंत्र पहिल्यासारखं. एवढ्या बारीक छिद्रात राख शिरते, आणि एवढी बारीक पोर ती काढते. माझं तर कौतुक संपत नाही. आता खोलीच्या दारावर पाटी लागलीय: चपला, धूळ आणि सोजिदा खोला यांना आत मनाई.

तर ही सगळी हकिगत. मोहिराला आशीर्वाद, वासराला माझ्यातर्फे गूळ.

तुमची वहिनी,
सोजिदा

ता. क. एक काम होतं, लिहायचं राहूनच गेलं. त्या तीनशे बारा टाइल्स अजून कच्च्याच गाड्यांवर पडून आहेत. यंत्र गेलेली रेघ परत येऊन भरत नाही, त्याला मागं वळून बघता येत नाही. ते काम कुंचल्याचं आहे. कच्च्या लेपावर, तो न उकरता, दोऱ्याएवढा निळा ओढणारा हात कारखान्यात कुणाचा नाही आणि रिश्तानातही एकच उरलाय. गुरुवारी सकाळी नऊला त्या भट्टीत जाणार. कुंचला तुमचा आणा, रंग मुहय्यो वाटीत काढून देईल. आणि शपथेचं मी मशिदीतल्या दोमलांना विचारून आलेय. ते म्हणाले, शपथ माझ्या घराच्या उंबऱ्याची आहे, कारखान्याच्या फाटकाची नाही. त्यांनी वर असंही विचारलं की इसोमिद्दीनला हे सुचायला चौदा महिने का लागावेत.

ता. क. दोन. पत्र मोहिरा तुमच्या चहाच्या ताटात ठेवेल. तिनं ते आधी वाचलंय, तेव्हा कपाटाच्या बाबतीत तुम्ही तिला काही बोललात तर ती तयारीत आहे.

ता. क. तीन. भावजी, खोटं मला पचत नाही. प्रसूतिगृहाचं काही अडलेलं नाही. मुहय्योनं त्या सगळ्या टाइल्स त्याच दिवशी दहा मिनिटांत पुन्हा छापल्या, आता त्या भिंतीवर चढतायत. या तीनशे बारा दळून टाकायच्या होत्या. मी तोलिब्जोन अकांच्या हातापाया पडून मागून घेतल्या, आपल्या ओसरीच्या भिंतीसाठी. कशासाठी मागितल्या, तर तुम्हाला बोलवायला काहीतरी निमित्त हवं होतं म्हणून. तुम्ही आलात तर भरून भाजू, नाही आलात तर रेघेसकट भाजू. भट्टीची वेळ मात्र खरी आहे. काल मी एक टाइल हातात घेऊन बसले होते. रेघेच्या अलीकडं त्यांचं अर्धं फूल, पलीकडं अर्धं. मधलं मला भरता येत नाही, भावजी. चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी फक्त रंग वाटून दिला, काढायला कधी शिकलेच नाही.